जिभेची उजवी कड

कसबा बावड्यात साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला तानाबाईची खानावळ आहे. पाटी नाही. पाटी नव्या माणसाला लागते, आणि इथं नवा माणूस वासावर येतो. बुधवार, शुक्रवार आणि रविवार, दिवेलागणीला चूल पेटते: मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी. बाकीचे वार देवाचे. त्या वारी दारात कुणीही मोठा माणूस येऊन उभा राहिला तरी त्याला ताक पाजून वाटेला लावतात. सगळा बावडा तानाबाईला आक्का म्हणतो. तिच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा म्हणतात, कारण वाढायला उभी राहिली की ती कुणाचंच ऐकून घेत नाही.

अंगानं आडवी आणि आवाजानं उभी अशी ही बाई राधानगरीकडच्या भातवाल्यांच्या घरातली. नवरा जोतीराम कारखान्यात होता, आता निवृत्त होऊन ओट्यावर बसतो. पानात पडेल ते खायचं आणि बरं झालंय म्हणायचं, एवढ्यावर त्याचा संसार सुखाचा झाला. हंगामात बाहेरगावचे कामगार यायचे, त्यांना दोन घास घालता घालता खानावळ उभी राहिली. ती उभी राहिली तानाबाईच्या जिभेवर, आणि त्या जिभेच्याही फक्त उजव्या बाजूवर.

ते असं. बारा वर्षांची असल्यापासून तिला मशेरीची सवय. चिमूट ठेवायची ती डाव्या गालात. इतक्या वर्षांत जिभेची ती बाजू चामड्यासारखी झालेली, तिथं साखर ठेवली काय आणि राख ठेवली काय. म्हणून रस्सा उकळायला लागला की ती पळीतला थेंब डाव्या तळहातावर घ्यायची, गार होऊ द्यायची आणि मान वाकडी करून जिभेच्या उजव्या कडेनं टिपायची. डोळे मिटायची. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. मग एक तर नुसतं "हं" म्हणायची, नाही तर मिठाच्या डब्यात हात घालायची. गिऱ्हाइकं हा सोहळा दारातनं बघायची आणि हसायची, पण पान वाढल्यावर हसणं बंद व्हायचं.

तिचा नियम एकच होता. बाकी कशालाही हात लावा, मिठाला लावायचा नाही. मुलगा राजवर्धन मटण आणायचा, गल्ला बघायचा, मीठ नाही. सून अनुजा वाटण वाटायची, नारळाचं दूध काढायची, मीठ नाही. अनुजा शाहूवाडीकडची शेतकऱ्याची पोर, हुशार, विद्यापीठात प्राणिशास्त्राचं संशोधन करणारी. लग्न ठरताना पाहुण्यांनी विचारलं होतं की पोरगी नेमकं काय करते, आणि तिनं खाली मान घालून सांगितलं होतं की उंदराच्या पिल्लांच्या जिभा बघते. जोतीरामला ठसका लागला. तानाबाई मात्र मोठ्यांदा हसली आणि म्हणाली, चला, जिभेचं काम आहे म्हणजे आपल्याच धंद्यातली हाय. तिथंच दोघींचं सूत जुळलं. सासू-सुनेचं असं पटलेलं बघून शेजारणींच्या पोटात दुखायचं. पोटच्या पोरापेक्षा तानाबाईचा जीव या पोरीवर जास्त, आणि ती तसं उघड बोलूनही दाखवायची.

उजवा कान तिचा लहानपणापासून वाहायचा. पावसाळ्यात जास्त. तेल सोड, लसूण बांध, असं करत इतकी वर्षं गेली. यंदा उन्हाळ्यात मात्र चक्कर येऊन डोकं गरगरायला लागलं, तेव्हा राजवर्धन तिला शहरातल्या कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. अनुजाही बरोबर गेली. डॉक्टर बराच वेळ बोलत होते. तानाबाईला त्यातलं निम्मंच ऐकू येत होतं, कारण उजवीकडं ऐकूच येत नव्हतं आणि डॉक्टर उजवीकडं बसले होते. तिनं दोनदा काय म्हणाले म्हणून विचारलं. राजवर्धन म्हणाला, घरी गेल्यावर सांगतो. घरी गेल्यावर त्यानं सांगितलं ते असं: कानामागचं हाड कुजायला लागलंय, ते साफ करायचं, चार दिवसांत घरी. तिनं अनुजाकडं बघितलं. अनुजा म्हणाली, व्हय आत्या, तेवढंच. पोरीनं व्हय म्हटलं म्हणजे विषय संपला.

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना तानाबाई खुशीत होती. निर्णय झाला की तिला हलकं वाटायचं. तिनं सहज अनुजाला विचारलं, ते तुझं उंदराचं काय असतं ते सांग की नीट, आता दवाखान्यात पडल्या पडल्या विचार करायला काय तरी हवं. अनुजानं परातीतलं पीठ सपाट केलं आणि त्यात बोटानं काढून दाखवायला लागली. पोटातल्या पिल्लाची जीभ आधी नुसता गुळगुळीत गोळा असते. त्याच वेळी डोक्यात, एका गाठीतून, चवीची नस निघते. ती गाठ इथं आणि जीभ इथं. मध्ये रस्ता नसतो, कुणी दाखवणारा नसतो, तरी नस वाढत वाढत जिभेपाशी पोचते. जिभेवर बारीक उंचवटे यायला लागलेले असतात, त्यांच्यातून एक द्रव्य सुटतं, त्याच्या ओढीनं नसेचे धागे नेमके त्याच उंचवट्यांत शिरतात. बाकी जागा मोकळी सोडून देतात. नस पोचली की तिथं चवीची कळी पिकते. नस पोचलीच नाही तर कळी टिकत नाही. उंदीर घ्या, म्हैस घ्या, माणूस घ्या, दूध पिणाऱ्या सगळ्या जातींत असंच.

"आणि म्हणून पोटातलं पोर चव घेतं, आत्या," अनुजा म्हणाली. "आई खाते त्याचा अंश पाण्यात उतरतो, आणि पोर ते पाणी गिळत असतं. उंदरीला गाभण असताना मीठच कमी दिलं, तर पिल्लांच्या त्या नसांची मेंदूतली मांडणी पुढंही वेगळीच राहते."

तानाबाई थापायची थांबली. राजवर्धनच्या वेळी नववा महिना लागेपर्यंत ती चुलीपुढं होती. म्हणजे ह्या बेट्यानं माझा रस्सा जन्माआधीच खाल्लाय की, असं म्हणून ती इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. मग तिनं विचारलं, ही नस जिभेपर्यंत जाते कुठनं? अनुजाचं बोट पिठात गाठीपासून निघालं, कानाच्या जागेपाशी आलं आणि थांबलं. मग तिनं हातानं पीठ सारखं केलं आणि म्हणाली, मेंदूकडनं जिभेकडं, सरळ. भाकरी उलटा, आत्या.

ऑपरेशन झालं. कानाची घाण गेली, चक्कर गेली. घरी आल्यावर चौथ्या दिवशी तानाबाई चुलीपुढं उभी राहिली, थेंब तळहातावर घेतला, उजव्या कडेनं टिपला, डोळे मिटले आणि मिटलेलेच राहिले. काहीच नव्हतं. वास होता, तिखट झोंबत होतं, घशाजवळ मिरीचा कडवटपणा कळत होता, पण मीठ नव्हतं. तिनं मूठभर मीठ टाकलं. तरी नव्हतं. जिभेच्या त्या कडेला जुनं पितळ चाटल्यासारखं काही तरी लागत होतं आणि बाकी सगळं मुकं. औषधांनी तोंड मेलंय, असं राजवर्धन म्हणाला. होईल बरं, असं अनुजा म्हणाली आणि डोळ्याला डोळा न देता वाटणाकडं वळली.

आठवडे गेले, बरं झालं नाही. तानाबाई अंदाजानं मीठ टाकायची, सवयीनं "हं" म्हणायची आणि देवापुढं दिवा लावायला आत जायची. पहिले काही दिवस जीव मुठीत धरून ती गिऱ्हाइकांची तोंडं बघायची. कुणी कुरकुरलं नाही. पिराजी म्हणून उसाच्या गाड्या हाकणारा एक जुना गिऱ्हाईक आहे, मिठाचा दाणा इकडचा तिकडं झाला तर पान सरकवणारा. तोही बोटं चाटत होता. मग हळूहळू तानाबाईची भीती गेली आणि तिच्या जागी वेगळंच काही तरी आलं. ती लोकांना सांगायला लागली, जीभ गेली पण हात हाय. इतकी वर्षं टाकतीय, हाताला ठावं हाय. ओट्यावर बसून ती शेजारणींना आपला हात दाखवायची. जोतीराम मान खाली घालून सुपारी कातरायचा. मान त्यानं का खाली घातली हे तिला तेव्हा कळलं नाही.

भाद्रपदात कान दाखवायला जायचं होतं. राजवर्धनला मटण आणायला जायचं होतं म्हणून तिला दारात सोडून तो पुढं गेला. डॉक्टरनी कान बघितला, खूश झाले, आणि जाता जाता विचारलं, चवीचं काय झालं? तानाबाईला वाटलं, हा माणूस देवरूषी आहे. तिनं विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक? आता तिला त्या कानानं ऐकू येत होतं, सगळं. डॉक्टरनी टेबलावरचा प्लास्टिकचा कान उघडून दाखवला. पडद्याच्या आतून एक दोऱ्यासारखी नस आडवी गेलेली. ही जिभेला जाते, उजव्या बाजूला. रोग हिच्याभोवतीच होता, तिला खेचावं लागलं. कापली नाही. पण हे मी आधीच बोललो होतो ना, मुलाशी आणि सूनबाईंशी, तुमच्यासमोरच. एका बाजूची चव जाईल, दुसऱ्या बाजूनं भागतं, पुष्कळांना कळतसुद्धा नाही, म्हणालो होतो. ते म्हणाले, घरी समजावून सांगतो.

डॉक्टरचा दोष नव्हता. डावी बाजू मशेरीनं मेलेली आहे हे त्याला कसं कळणार? ते ठाऊक होतं ते घरच्यांना. त्या सोहळ्यात घरात बोलायचं नाही हे ज्यांना शिकवलं होतं, त्यांना. बसमध्ये बसल्यावर तिला परातीतलं पीठ आठवलं, आणि कानापाशी येऊन थांबलेलं ते बोट. परक्यानं फसवलं तर माणूस शिव्या घालतो आणि मोकळा होतो. पिठात बोट फिरवून आपल्याला शहाणं करणाऱ्या पोरीनं केसानं गळा कापला, तर शिवी कुणाला घालायची?

ती घरी आली. तो शुक्रवार होता. तिनं नेहमीसारखा पांढरा रस्सा उकळत ठेवला. मटणात मीठ घातलं नाही, रश्श्यात घातलं नाही, चिमूटसुद्धा नाही. थेंब तळहातावर घेतला, टिपला, डोळे मिटले, "हं" म्हणाली आणि दिवा लावायला आत गेली. दिवा लावला, हात जोडले, आणि देवाला काही मागायचं सुचलं नाही म्हणून नुसतीच उभी राहिली.

पानं वाढली. पिराजीनं पहिला भुरका मारला आणि आतपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला, "आक्का, आज तर एक नंबर जमलाय. हाताला चव हाय तुझ्या."

आयुष्यात अनेकदा ऐकलेलं हे वाक्य त्या दिवशी तिच्या थोबाडीत बसलं. पळी हातातच राहिली. म्हणजे हातसुद्धा नव्हता. ती दिवा लावायला जायची तेवढ्यात दुसरं कुणी तरी तिच्या मागं चव बघत होतं, कमी-जास्त करत होतं, आणि ती ओट्यावर बसून लोकांना हात दाखवत होती. सगळं घर बघत होतं. जोतीरामची मान का खाली होती तेही आता कळलं. इतकी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती.

गिऱ्हाइकं उठून गेल्यावर तिनं भांडी बाजूला सारली आणि अनुजाला समोर बसवलं. राजवर्धन दारात उभा होता.

"किती टाकलंस?"

"काय, आत्या?"

"मीठ. मी आज कणभर टाकलं न्हाय."

अनुजाच्या तोंडाचं पाणी पळालं. राजवर्धनच पुढं आला आणि बोलायला लागला, की रोग हाडातून मेंदूकडं चालला होता, थांबून चाललं नसतं, नसेचं सांगितलं असतं तर तू ऑपरेशनला उभीच राहिली नसतीस, जीव मोठा की जीभ? अनुजा रडत होती. रडता रडता तिनं पिठातला अर्धा राहिलेला रस्ता पुरा केला. नस कानातून जाते यात कानाचा दोष नाही, म्हणाली. पोटात असताना नस आधी निघते, कान तिच्याभोवती मागून वाढतो. फार फार मागं, आपल्या पूर्वजांत, कानाच्या आतली बारीक हाडं जबड्याची होती. दूध पिणाऱ्या प्राण्यांत ती सरकत कानात आली, आणि तिथून जाणारी नस तिथंच अडकून राहिली. मला सगळं ठाऊक होतं, आत्या. म्हणूनच सांगायचं धाडस झालं नाही. तुम्ही नको म्हणाला असता.

"म्हणले असते," तानाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच दोघांना भीती वाटली. "न्हायतर म्हणले बी नसते. रातभर रडले असते अन् सकाळी व्हय म्हणले असते. त्ये माझं मला ठरवायचं हुतं. कान माझा, जीभ माझी, अन् व्हय म्हणणारं तुमी कोण? त्याच्यावर रोज माझ्या माघारी मीठ टाकून मला गावात नाचवलासा."

तिनं मिठाचा डबा उचलला आणि अनुजाच्या पुढ्यात ठेवला. अनुजानं पाय धरले. तानाबाईनं पाय मागं घेतले नाहीत, आणि तिच्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

त्या दिवसापासून तळहाताचा सोहळा बंद झाला. तानाबाई भाकऱ्या थापायची, वाढायची, आणि घरच्यांशी कामापुरतं बोलायची. खानावळ पहिल्यासारखीच चालली, किंबहुना जरा जास्तच, आणि हे तिच्या मनाला फार लागलं. गिऱ्हाईक खाल्ल्या मिठाला जागतं म्हणतात. पण मीठ कुणी टाकलं हे ते विचारत नाही. अनुजा मात्र हट्टी. रस्सा झाला की दर वेळी पळी घेऊन तिच्यापुढं यायची आणि विचारायची, आत्या, बघता? तानाबाई मान वर न करता म्हणायची, मला काय कळतंय? ते खरंच होतं. मग अनुजा तिथंच उभी राहून, पाठमोऱ्या सासूला ऐकू जाईल असं बोलायची. नस नुसती खेचली गेली आहे, मेली असेल तरी परत वाढू शकते. पोटात एकदा केलं होतं तेच तिला पुन्हा करायचं असतं, तीच वाट शोधायची, त्याच उंचवट्यांपाशी जायचं. कळ्या वाळल्या असतील, पण नस आली की परत धरतात. तशाही त्या आठ-पंधरा दिवसांनी मरतच असतात, नव्या येतात, आणि नस त्यांना पुन्हा धरत असते. आयुष्यभर. तानाबाई भाकरी थापत राहायची. थापण्याचा आवाज मुद्दाम मोठा.

दिवाळी होऊन गेली. कारखान्याचा हंगाम सुरू झाला, बावड्यात मळीचा वास पसरला. एका बुधवारी, गिऱ्हाइकं यायच्या आत, तानाबाई कोपऱ्यात बसून कोरड्या भाकरीबरोबर ठेचा खात होती. जिभेच्या उजव्या कडेला काही तरी टोचलं. ठेचा असेल म्हणून ती पाणी प्याली. पुन्हा टोचलं. तिनं इकडं तिकडं बघितलं, ठेच्याच्या वाटीशेजारचा खड्या मिठाचा एक दाणा उचलला आणि मान वाकडी करून उजव्या कडेला धरला.

खारट होतं. बारीक, लांबून आल्यासारखं, पण खारट. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती तशीच अर्धी उठली, आणि तोंडात नाव आलं ते अनुजाचं. नवऱ्याचं नाही, पोराचं नाही. तिला ओरडून सांगायचं होतं की अगं, पोचली की गं तुझी नस. आणि ही गोष्ट ऐकून जगात सगळ्यात जास्त आनंद होणारं माणूस तेच एक आहे, हेही तिला ठाऊक होतं. तोंड उघडलेलं तसंच मिटून ती खाली बसली आणि पदरानं डोळे पुसले.

तेवढ्यात अनुजा पळी घेऊन आलीच. "आत्या, बघता?"

तानाबाईनं डावा तळहात पुढं केला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. अनुजानं थेंब तळहातावर सोडला. तानाबाईनं तो गार होऊ दिला, उजव्या कडेनं टिपला आणि डोळे मिटले. घरात कुणी बोललं नाही.

रस्सा तिचाच होता. पांढऱ्या रश्श्यात ती नेमकं जेवढं मीठ ठेवायची तेवढंच, दाण्याचा फरक नाही. पोरीनं तिच्या माघारी उभं राहून तिची चव सगळीच्या सगळी उचलली होती. त्याचा तिला राग आला, कौतुकही वाटलं, आणि कौतुक वाटल्याचा आणखी राग आला. आज, कित्येक महिन्यांनी, तिच्या जिभेबद्दलची खरी गोष्ट घरात सगळ्यांत आधी तिला स्वतःला कळली होती. ती तिला कुणाशी वाटून घ्यायची नव्हती.

तिनं डोळे उघडले. अनुजा तिच्या तोंडाकडं बघत होती.

"मला काय कळतंय?" तानाबाई म्हणाली. "तुझं तू बघ."

अनुजाचा चेहरा उतरला. ती पळी घेऊन चुलीकडं वळली. तानाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तिच्याकडं पाठ करून उजव्या बाजूनं सावकाश चावत बसली.